डोरल्यामागचा आकडा

संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या बायांसाठी हे लिहिते आहे. ज्यांची बोटं सरळ आहेत त्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना अर्धंच कळेल.

अमरावतीच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं माझ्या गळ्यातली गरसोळी पाहिली. शहरातल्या बाया जिला मंगळसूत्र म्हणतात तीच. ती म्हणाली, "आजी, ही तुम्ही एका हातानं कशी लावता ते लिहून द्या. इथे तुमच्यासारख्या बाया येतात, मी त्यांना वाचून दाखवीन." मी मराठी तिसरीपर्यंत शिकले आहे. लेखणी मुठीत धरावी लागते आणि दिवसाला एक पान होतं. म्हणून लागेल तेवढंच लिहीन. आकडा कसा केला हे सांगायचं तर तो कशासाठी केला हेही सांगावं लागेल. ते सांगायला मला आवडत नाही.

*

आम्ही माळी. अमरावतीपासून दोन कोसांवर आमची विहिरीची बाग होती, अजून आहे. मेथी, पालक, वांगी, कडेनं झेंडू. घरात मी, माझा नवरा, सासू आणि पाच महिन्यांची वच्छी. मला तेव्हा विसावं लागलं असेल.

मेथीच्या जुड्या बांधणं माझ्याकडे होतं. उपटलेली मेथी मुठीत घ्यायची, केळीच्या सोपटाचे दोन वेढे, एक पीळ, झालं. पोरीला पाजता पाजता मी टोपलं भरायची. एका सकाळी पीळ बसेना. बोटं कणकेच्या गोळ्यासारखी सुजलेली आणि वळत नव्हती. वाटलं, थंडी आहे. उन्हं वर आल्यावर वळली. दुसऱ्या दिवशी तसंच. महिन्याभरात उन्हं डोक्यावर आली तरी वळेनात.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. ती म्हणाली, "बायंतवात हाय तो. ओव्याचा शेक घे, डिंक खाय. अन् हात चालवत राय, म्हंजे मोकये होतात."

तिला जेवढं माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं.

संक्रांतीच्या आधी कासार आला. अंगणात शेजारच्या बाया बसल्या. कासार हात धरतो, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून हात निमुळता करतो आणि बांगडी सरकवतो. माझा हात त्यानं दाबला तशी मी किंचाळले. त्यानं हलक्या हातानं पुन्हा करून पाहिलं. तीन बांगड्या गेल्या. "वाढल्या," तो म्हणाला. आमच्याकडे बांगडी फुटत नाही आणि गरसोळी तुटत नाही, त्या वाढतात. फुटली, तुटली म्हणणं म्हणजे नवऱ्याचं मरण बोलावणं. मग त्यानं माझा हात माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

"हा हात दबत नाई बाई. दवाखान्यात दाखवा."

माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या अंगाला घेतलं. "बोटं वाकडी होऊन राहिली तिची," ती दुसरीच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू यावं असंच. "रगतपिती तं नसन?"

रगतपिती म्हणजे महारोग. त्या संक्रांतीला माझ्याकडे वाण घ्यायला कोणी आलं नाही.

*

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डाक्तर पुण्याकडचा होता. त्यानं माझी बोटं एकेक करून वाकवली. मग टाचणी काढली आणि बोटांच्या टोकाला टोचली.

"दुखलं?"

"टाचणी हाय ते. दुखन नाई तं काय होईन?"

"दुखलं हे चांगलं झालं. हा महारोग नाही. तुम्हाला संधिवात आहे."

"बरा होते?"

"मरणार नाही तुम्ही. पण बराही होणार नाही."

सरळ सांगितलं हे मला आवडलं. पुढं वैद्य, मांत्रिक, हकीम किती झाले, सगळे दोन महिन्यांत बरं करणार होते.

नवरा बाहेर कडुलिंबाखाली बैल धरून उभा होता. "काय म्हने?"

"मरत नाई म्हने."

"मंग?"

"मंग काई नाई."

मला तीन आठवडे दवाखान्यात ठेवलं. सकाळी कडू पांढरं औषध, त्यानं कानात रातकिडे ओरडल्यासारखं होई. मग गरम पाण्याचा शेक, मग दिवसभर छताकडे पाहणं. दूध बांधून टाकलं होतं. वच्छी घरी आत्याबाईजवळ शेळीच्या दुधावर होती. दूध दाटून येई तेव्हा हातापेक्षा छाती जास्त दुखायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर अचलपूरची एक मुसलमान म्हातारी होती. तिचं कमरेचं हाड मोडलेलं. तिला उठता येत नव्हतं, पण हात असे की जाईची कळी ओवावी. मी दोन्ही कोपरांत धरून तिला पाण्याचा तांब्या आणून द्यायची, ती माझी वेणी घालून द्यायची. "तेरे पाँव, मेरे हाथ," ती म्हणायची, "दोनों मिलके एक औरत बनती है, वो भी आधी बेवकूफ." त्या तीन आठवड्यांत मी हसले ती तिच्यामुळेच. तिनंच मला सांगितलं की चोळीची गाठ नजरेसमोर असू दे, जे करायचं ते समोर कर, मागे कशाला जातेस. हाताला दिसत नाही, डोळ्याला दिसतं. इतकी साधी गोष्ट मला कोणा घरच्यानं सांगितली नव्हती.

*

घरी आले तेव्हा वच्छी रांगत होती. माझ्याकडे बघून आधी तोंड वाकडं केलं, मग आली. आठ दिवसांत पुन्हा माझी झाली.

मला तिला उचलता येत होतं, कोपरात घालून. करदोटा बांधता येत नव्हता, पायातले वाळे घालता येत नव्हते, टोपड्याचे बंद येत नव्हते. ते आत्याबाई करायची.

त्या दिवशी मी ओसरीवर एकटी पोरीला घेऊन बसले होते. रोजच्या तेलानं आणि निरगुडीच्या वाफेनं माझ्या गरसोळीचा दोरा कुजला होता. वच्छीनं मुठीत धरून ओढला. काळे मणी ओसरीभर झाले. मी ते गोळा करायला वाकले, म्हणजे तळव्यानं ढकलत एका जागी आणायला लागले, तेवढ्यात तिनं एक तोंडात घातला.

ती खोकली. मग खोकणंही बंद झालं.

मी तिच्या तोंडात बोट घालायला गेले. बोट आत जात होतं, वळत नव्हतं. न वळणाऱ्या बोटानं मणी आणखी आत गेला असता. मी ओरडले, "आत्याबाई, गरसोयी तुटली, पोरीनं मनी गियला!"

घाईत तुटली म्हणाले. वाढली म्हणायचं सुचलं नाही.

आत्याबाई परसात भांडी घासत होती. तिच्या कानात पहिले दोनच शब्द शिरले. गरसोळी तुटली. ती हातातली राख तशीच घेऊन विहिरीकडे धावत सुटली, "माह्या लेक वं, माह्या लेक," करत. तिचा लेक मोट हाकत होता. तो बैलांवर ओरडत जिवंत उभा होता.

इकडे मी पोरीला मांडीवर पालथी टाकली, डोकं खाली, आणि कोपरानं पाठीत मारलं. चौथ्या फटक्याला मणी बाहेर पडला. पोरगी निळी झाली होती. मग रडली.

आत्याबाई परत आली तेव्हा तिला माझा उघडा गळा दिसला, सांडलेले मणी दिसले आणि निळसर पोर दिसलं. मी तिला वाचवलं हे दिसण्यासारखं नव्हतं.

"तुटली म्हनली तू? बोटं वाकडी झाली ते झाली, जीभ बी वाकडी झाली काय वं तुही?"

"आत्याबाई, पोरगी..."

"पोरगीच पाहून राहिली मी."

*

चौथ्या दिवशी अकोल्याहून नणंद आली. गोदाबाई. तिचा नवरा जिनिंगमध्ये काट्यावर होता. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. बाई वाईट नव्हती. पोरीला तिनं अशी उचलली की मला तिच्या हातांचा हेवा वाटला.

आत्याबाई माझ्यासमोर म्हणाली, "पोट्टी गोदीजवय राहीन. जवा तू आपल्या हातानं आपली गरसोयी बांधशीन, तवा आनून देऊ. जिले सोताची गरसोयी बांधता येत नाई ते लेकरू काय सांबायन?"

"कबूल हाय माय," गोदाबाई म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझा नवरा खांबाला टेकून बसला होता. तो जमिनीकडे पाहत होता. त्याला मी त्याबद्दल बरीच वर्षं माफ केलं नाही. पण मीही काही बोलले नाही. मला ते निळं तोंड दिसत होतं, आणि माझ्या मनात आलं की आत्याबाई खरंच बोलते आहे. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे. त्या वेळी मला ते पटलं होतं.

पाटवेकऱ्यानं गरसोळी नव्या दोऱ्यात ओवून दिली. ती आत्याबाईनं माझ्या गळ्यात बांधली. गाठ मागे, मानेवर.

*

मग एक पूर्ण वर्ष वाईट गेलं. गुडघे धरले, मनगटं धरली. पावसाळाभर मी खाटेवर होते. भाकर नवरा मोडून द्यायचा. बायांनो, या दिवसांबद्दल मी तुम्हाला धीराचं काही सांगणार नाही. ते दिवस जातात एवढंच. त्यानंतर दुखणं उतरलं आणि वाकडेपण राहिलं. वाकड्या बोटांना दुखत नसेल तर त्यांच्याकडून काम घेता येतं, हे मला तेव्हा कळलं.

एक दिवस नवरा बाजारातून आला आणि म्हणाला, "चाल, सराफ्यात जाऊ."

"कायले?"

"म्हातारा सोनार हाय एक. त्याले सांगतलं मी."

तो खांबाला टेकून गप्प बसणारा माणूस इतके महिने हे मनात घेऊन हिंडत होता.

सोनार सत्तरीचा होता, जाड भिंगाचा चष्मा. माझे हात त्यानं दागिना पाहावा तसे उलटसुलट पाहिले. "सारी उमर मी असे फासे केले का कोनाले सहज निंगू नाई," तो म्हणाला. "अन् तू म्हनतं सहज लागलं पाह्यजे. चोराईचा फायदा हाय तुह्यात."

"चोराले माह्या गयापर्यंत येऊ देत नाई मी. तुमी करा."

"मयसूत्राचा फासा?"

"पेच फिरवता येत नाई."

"खटक्याचा?"

"दाबता येत नाई."

"मंग काय येते?"

"वरून खाली ओढता येते. अन् अंगठ्यानं ढकलता येते."

त्यानं एक फडकं घेतलं, आपल्या उजव्या हाताची चार बोटं एकत्र आवळून बांधली, आणि म्हणाला, "आता मी म्हंजे तू." मग त्या बांधलेल्या हातानं पितळी आकडे, कड्या, तारा घेऊन एकेक लावून पाहू लागला. पडलं की शिवी द्यायचा. तीन खेपा घातल्या आम्ही. दर खेपेला तो बोटं बांधूनच बसलेला.

शेवटी जमलं ते असं. दोरा नाही, बारीक तार, म्हणजे कुजत नाही. दोन्ही टोकं मागे न जाता छातीवर येतात. एका टोकाला अंगठा जाईल एवढी मोठी कडी. दुसऱ्या टोकाला डोरलं. डोरलं वाटीसारखं असतं, आत पोकळ. त्या पोकळीत त्यानं जाड आकडा बसवला, तोंड वर. कडी अंगठ्यात धरायची, आकड्यावर ढकलायची, डोरलं सोडून द्यायचं. डोरल्याच्या वजनानंच ते बसतं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त डोरलं दिसतं. ज्यांना करून घ्यायचं असेल त्यांनी सोनाराला हेच वाचून दाखवावं, आणि बोटं बांधून बघायला सांगावं. बोटं न बांधता केलेला फासा उपयोगाचा नसतो.

लेकराच्या करदोट्यालाही असाच आकडा करता येतो. मला तो करून घ्यायची वेळ आली नाही.

*

मी गोठ्यात जाऊन सवय करायची, कारण उघड्या गळ्यानं आत्याबाईसमोर बसायची सोय नव्हती. आधी हळदीचा दोरा गळ्यात अडकवायचा, मग गरसोळी काढायची. कडी अंगठ्यातून निसटायची. डोरलं शेणात पडायचं. म्हैस बघत राहायची. दोन महिने लागले. सलग दहा दिवस न पडता जमलं तेव्हा मी आत्याबाईसमोर गेले, काढली आणि घातली.

"हे समोरून लावलं," ती म्हणाली.

"तुमी बांध म्हनलं होतं. मांगून बांध म्हनलं नव्हतं."

तिच्या तोंडावर हसू आलं. ते तिनं पदरात घेतलं. "जाय. आन पोट्टीले."

बडनेऱ्याला गाडी पकडून आम्ही अकोल्याला गेलो. गोदाबाईच्या घराला कापसाचा वास यायचा, जिनाची रुई उंबऱ्यापर्यंत उडायची. वच्छी अंगणात होती. वयाला अडीच वर्षं उलटून गेलेली. परकर, दोन वेण्या, लाल फीत. कोणीतरी रोज बसून घातलेल्या वेण्या होत्या त्या.

"वच्छे, कोन आलं पाय," गोदाबाई म्हणाली. "मामी आली. पाया पड."

मी उभीच राहिले.

गोदाबाईला ते उमगलं. तिचं तोंड पडलं. हळूच म्हणाली, "मले माय म्हनते तं तुमाले काय म्हनन, वयनी? मी शिकोलं नाई. आपोआप झालं."

तिचं चुकलं नव्हतं. आईच्या भावाची बायको मामीच असते.

मी ओसरीवर बसले आणि गरसोळी काढून घातली. एका हातानं. गोदाबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात पोरीचं बोचकं होतं. तिनं त्यात मुरमुऱ्याचे लाडूही बांधले होते.

"कबूल बोलली तं बोलली," ती म्हणाली. "न्या."

वच्छी तिच्या पदराला धरून होती. "माय, मामी नको. मामीचे हात कोंबडीच्या पायावानी हाय."

*

टांग्यात ती रडत होती. फलाटावर ओरडायला लागली. नवरा तिकिटाला गेला आणि पोर माझ्या कोपरात. तिनं अंग टाकलं, मागे वाकली, माझ्या मनगटावर लाथ मारली. त्या दुखण्यानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी येत होती. पोरगी माझ्या हातातून सुटली आणि फलाटाच्या कडेकडे धावली. एका हमालानं तिला पकडली.

नवरा धावत आला. "रडन दोन रोज. मंग राहीन."

"वापस नेऊ," मी म्हणाले.

"काहून? जित्तली तू!"

"मले ते धरता येत नाई."

लोक नंतर म्हणाले, भागीचं, म्हणजे माझं, मन मोठं. मन मोठं नव्हतं. मी घाबरले होते. मला गरसोळी लावता येत होती आणि जिवंत, पळणारं लेकरू धरता येत नव्हतं, आणि ते मला त्या फलाटावर समजलं. आता वाटतं, मी चार दिवस अकोल्यातच राहायला हवं होतं. पोरीजवळ बसायला हवं होतं, तिच्यासमोर या हातांनी पाणी प्यायला, भाकर खायला हवं होतं, तिची भीती जाईपर्यंत. लेकरं चार दिवसांत सवय करतात. एकदा केलीही होती तिनं. पण हे सांगायला त्या वेळी माझ्याजवळ कोणी नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

गोदाबाईच्या दारात आम्ही परत गेलो. वच्छी तिच्या गळ्यात पडली. गोदाबाई पोरीच्या डोक्यावरून म्हणाली, "वयनी, आता पुना मांगजा नोका. मले सोसनार नाई. अन् तिले कदी सांगजा नोका. गरसोयीवर हात ठिवा."

नवऱ्यासमोर मी डोरल्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्याच्या जिवाची शपथ होते ती.

*

मला पुढं मूल झालं नाही. आत्याबाई गेली. शेवटच्या दुखण्यात तिला मी भरवलं, दोन्ही तळव्यांत चमचा धरून. ती म्हणाली, "पोट्टी आनाले पाह्यजे होती वं." मी म्हणाले, तोंड उघडा.

वच्छीचं लग्न तेल्हाऱ्याला झालं, चांगलं काळ्या रानाचं शेतकऱ्याचं घर. अंतरपाटाशी नवरीला मामा घेऊन येतो आणि तिच्या मागे मामा उभा राहतो. वच्छीमागे माझा नवरा उभा राहिला, मामा म्हणून. कन्यादानाला गोदाबाई आणि तिचा नवरा बसले. अक्षता टाकताना माझ्या नवऱ्याचे हात हलत होते. माझे वाकडे हात त्या दिवशी त्याच्यापेक्षा बरे चालत होते. पाठवणीच्या वेळी पोरगी माझ्या पाया पडली. "येतो मामी." मी म्हणाले, जा.

*

तीन वर्षांनी ती आमच्या दारात छकड्यातून उतरली. कडेवर आठ महिन्यांचा मुलगा होता, आणि तो तिनं कोपरात धरला होता. मी ते कोपर पाहिलं आणि मला सगळं समजलं.

बाळंतपणानंतर तिचे हात सकाळी आखडत होते. अमरावतीच्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून मामाकडे आली होती. मी ओसरीवर घंगाळात गरम पाणी काढलं, मीठ टाकलं, आणि दोघींनी हात बुडवले. चार हात पाण्यात. तिची बोटं अजून फार वाकली नव्हती, पण सूज तीच, तीच दोन बोटं आधी धरलेली.

"मामी, तुमची गरसोयी कशी लागते ते दाखवा नं," ती म्हणाली. "मले बी तशीच करून घ्या लागन."

दाखवली. तिनं लावून पाहिली. तिसऱ्या खेपेला जमली. हसली.

मग म्हणाली, "पोट्टं मोठ्या जाऊबाईले देऊन राहिलो आमी. वर्स-दोन वर्स. हात बरे होतवर. सासूबाई म्हनते, जवा तुह्या हातानं..."

"देजो नको," मी म्हणाले.

"पन त्याचे हाल होतात मामी. परवा हातातून पडला."

"पडू दे. देजो नको."

मग तिला राग आला. तिनं आवाज वाढवला नाही. "तुमाले लेकरू नाई मामी. तुमाले काय समजते?"

नवरा अंगणात भाजीवर पाणी शिंपडत होता. त्यानं ऐकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोरल्याकडे बोट नेलं. त्याला शपथ आठवत होती, त्याच्याच जिवाची होती.

"सांग," तो म्हणाला. "माह्यं काय व्हाचं ते होईन."

मी सांगितलं. मणी, मोट, सोनार, फलाट. मध्ये कुठं थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढं बोलले नसते. पाणी निवलं. तिनं हात बाहेर काढले नाहीत. ती पाण्यातल्या हातांकडे बघत होती, आधी माझ्या, मग तिच्या.

"तुमी मले देऊन टाकलं," ती म्हणाली.

"हो."

"एक डाव?"

"दोन डाव. पह्यले आत्याबाईनं देलं. मंग मी."

"दुसऱ्या डावाले तुमाले गरसोयी लावता येत होती."

"येत होती."

मी तिला कारण सांगितलं नाही. फलाटाचं सांगून झालं होतं. त्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं.

तिनं हात पुसले. मुलगा झोळीत होता. त्याला उचलायला ती वाकली, मी कशी कोपरं घालायची ते सांगायला पुढं झाले. "राहू द्या," ती म्हणाली. नवऱ्याचं एक जुनं धोतर दोरीवर वाळत होतं. ते तिनं ओढलं, मुलाला पोटाशी घेतलं आणि धोतराचं टोक दातात धरून, दुसरं कोपरानं फिरवून त्याला आपल्या अंगाला गुंडाळला. गाठ समोर आणली, दातांनी आवळली. मला हे कधी सुचलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली तशीच, आणि तेल्हाऱ्याला परतली तशीच. जाताना पाया पडली नाही.

गोदाबाई त्यानंतर माझ्या घरी आली नाही. माझा नवरा जिवंत आहे. आजच सकाळी मेथी घेऊन बाजारात गेला.

वर्षाला एक-दोन कार्डं येतात तेल्हाऱ्याहून. हात तसेच आहेत म्हणून लिहिते. मुलगा आता शाळेत जातो म्हणून लिहिते. पहिल्या वर्षीच्या कार्डात एक ओळ होती, जाऊबाई रागावली, सासू चार महिने बोलली नाही, पण पोरगा माझ्याजवळच आहे. कार्डावर वर 'सौ. मामीस' लिहिलेलं असतं. मीही उत्तरात मामीच लिहिते.